बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे घराचे कागद चोख आहेत का? गृहकर्जात बँकेचं काम कुठवर असतं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट घ्यायचा आहे. बँकेने प्रकल्प आधीच मंजूर केलेला आहे, तिच्या वकिलाने कागद तपासले आहेत. मग आपला वेगळा वकील कशाला? आणि कर्ज फिटेपर्यंत घर कोणाचं, आपलं की बँकेचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे. घर तुमचंच. करारनाम्यावर, इंडेक्स टूवर (नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यावर), पुढे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव तुमचं असतं. मालमत्ता कर, मेंटेनन्स, गळती, पार्किंगचे वाद हेही सगळं तुमचं. बँकेला मिळतो तो गहाणाचा हक्क, म्हणजे कर्ज थकलं तर मालमत्ता विकून पैसे वसूल करण्याचा आणि तोवर मूळ कागद स्वतःकडे ठेवण्याचा.

पहिला प्रश्न लांबचा आहे. बँक जे काही तपासते ते आपली रक्कम व्याजासह परत येईल का, एवढ्यासाठी. तुमचं हित आणि तिचं हित बऱ्याच ठिकाणी जुळतं, पण सगळीकडे नाही. कर्जाचा करार शांतपणे वाचलात तर त्यात बहुधा एक कलम सापडेल: मालमत्तेच्या हक्काबद्दल कर्जदाराने स्वतः खात्री करून घेतली आहे. म्हणजे सर्चची, जुन्या नोंदी तपासण्याची, फी तुमच्याकडून घेतली जाते, अहवाल मात्र बँकेच्या नावे लिहिला जातो आणि त्याची जबाबदारी तुमच्या गळ्यात राहते. त्या अहवालाची प्रत मागा. काही शाखा देतात, काही टाळाटाळ करतात.

बँकेचा वकील काय बघतो? साधारण ३० वर्षांचा सर्च घेतो. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या नोंदींत त्या जमिनीवर किंवा फ्लॅटवर कोणते व्यवहार झाले, कुठलं गहाण बाकी आहे का, मालकीची साखळी कुठे तुटते का, हे तो शोधतो. नव्या प्रकल्पात सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, बिगरशेती परवानगी, विकसन करारनामा आणि त्यासोबतचं कुलमुखत्यारपत्र, मंजूर नकाशे, प्रारंभ प्रमाणपत्र आणि महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी असा संच असतो. जुन्या फ्लॅटसाठी पहिल्या खरेदीपासूनचे सगळे मूळ करारनामे, त्यांच्या नोंदणी पावत्या, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचं ना हरकत पत्र लागतं.

जुन्या फ्लॅटचे व्यवहार अडतात ते बहुधा साखळीत. तीन मालक झाले असतील आणि मधल्या एकाचा मूळ करारनामा हरवला असेल, तर नुसती प्रमाणित प्रत आणून काम होत नाही. गहाण कागद ठेवूनच होतं, त्यामुळे हरवलेला मूळ कागद दुसरीकडे कुणाकडे तारण म्हणून पडलेला नाही ना, हीच बँकेची धास्ती असते. मग पोलिसांत हरवल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, विक्रेत्याचं प्रतिज्ञापत्र आणि वर प्रमाणित प्रत, एवढं केल्यावर काही बँका मानतात, काही तरीही नाही म्हणतात. विसार देण्याआधी विक्रेत्याकडचे मूळ कागद डोळ्यांनी बघा, झेरॉक्सवर जाऊ नका.

जमिनीचा प्रकारही आडवा येतो. भोगवटादार वर्ग-२ च्या (सरकारने अटींवर दिलेल्या) जमिनीवरची इमारत असेल तर हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असल्याने गहाणासाठी सिडकोचं ना हरकत पत्र लागतं, म्हाडाच्या घराला म्हाडाचं. मुंबईतल्या पागडीच्या घरावर नेहमीचं गृहकर्ज मिळत नाही, कारण पागडीदार हा भाडेकरू असतो आणि जे आपल्या मालकीचं नाही ते गहाण टाकता येत नाही. गोव्यात वेगळीच अट येते. तिथे विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरण्याची पद्धत कायद्यातच आहे, त्यामुळे खरेदी एकाच्या नावे असली तरी बँक दोघांच्या सह्या घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

आता बँकेचा वकील काय बघत नाही तेही सांगतो. ताब्याच्या तारखेचं कलम किती ढिलं आहे, पार्किंग करारात लिहिलंय की फक्त तोंडी आहे, क्लबहाऊस कोणत्या टप्प्यात येणार, विलंबाचं व्याज दोन्ही बाजूंना सारखं आहे का, देखभालीची आगाऊ रक्कम किती, यातलं काही तो तपासत नाही. बँकेच्या पैशाला त्याने फरक पडत नाही, तुमच्या आयुष्याला पडतो. तेव्हा स्वतःचा वकील लावा, आणि त्याला सर्च परत करायला लावण्यापेक्षा करारनाम्याचा मसुदा वाचायला लावा. नोंदणी होण्याआधी, नंतर नव्हे.

'आमच्याकडे सगळ्या बँकांचं अप्रूव्हल आहे' ही पाटी प्रत्येक विक्री कार्यालयात असते. तिचा अर्थ इतकाच की त्या बँकांनी प्रकल्पाचे कागद एकदा तपासून ठेवलेत, त्यामुळे प्रत्येक ग्राहकाच्या फाइलीला तेच काम पुन्हा करावं लागत नाही. मंजुरीनंतर बिल्डरने नकाशे बदलले, नवा मजला चढवला, दुसरीकडून कर्ज उचललं, तर जुनी मंजुरी त्याबद्दल काहीच सांगत नाही.

बिल्डरचं कर्ज हा मुद्दा मात्र नीट समजून घ्या. बहुतेक मोठ्या प्रकल्पांवर कुठल्या ना कुठल्या बँकेचा किंवा वित्तकंपनीचा बोजा असतो, आणि महारेराच्या संकेतस्थळावर तो दिसतो. त्यात गैर काही नाही. तुमच्या फ्लॅटचा क्रमांक लिहिलेलं त्या धनकोचं ना हरकत पत्र हवं, आणि त्या पत्रातली अट वाचायला हवी. त्यात बहुधा असं असतं की विक्रीची रक्कम अमुक खात्यातच जमा झाली तरच हे पत्र लागू. तुमच्या बँकेने किंवा तुम्ही स्वतः सुरुवातीची रक्कम बिल्डरच्या दुसऱ्याच खात्यात भरली तर ते पत्र निरुपयोगी ठरू शकतं. रेरा कायद्याच्या कलम ११(४)(ह) प्रमाणे करारनामा झाल्यावर बिल्डरने तो फ्लॅट गहाण टाकता कामा नये, आणि टाकलाच तरी खरेदीदाराच्या हक्काला धक्का लागत नाही. करारनाम्याआधीपासून असलेल्या बोजाला मात्र हे संरक्षण लागू नाही, म्हणून पत्राचा आग्रह.

मूल्यांकन आणि स्वतःचे पैसे

किती कर्ज द्यायचं यावर रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरायची नाही. अपवाद फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांचा. 'किंमत' म्हणजे करारातली किंमत आणि बँकेच्या मूल्यांककाने काढलेली किंमत यांतली जी कमी ती. लोकांचं गणित इथेच चुकतं.

आकडे घेऊ. करार ६० लाखांचा. ८० टक्के म्हणजे ४८ लाख मिळतील, १२ लाख आपले, असं तुम्ही धरलंत. मूल्यांकक ५४ लाख लिहून गेला. आता ८० टक्के म्हणजे ४३ लाख २० हजार. पुण्यात ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार आणि नोंदणी फी ३० हजार. एकूण खर्च ६४ लाख ५० हजार, म्हणजे पदरचे २१ लाख ३० हजार लागणार. बांधकाम सुरू असलेल्या घराचा जीएसटी यात धरलेलाच नाही. म्हणून विसार देताना पावतीत 'अमुक रकमेचं कर्ज मंजूर न झाल्यास विसार परत' हे वाक्य लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर विसार परत मिळवणं कठीण असतं.

मूल्यांकक नुसता भाव काढत नाही. मंजूर नकाशा हातात धरून तो खोल्या मोजतो. बाल्कनी खोलीत घेतली असेल, दोन फ्लॅट भिंत पाडून एक केले असतील, गच्चीवर शेड असेल तर अहवालात ते येतं. कधी तेवढं क्षेत्र वजा होतं, कधी फाइलच थांबते. जुन्या इमारतीत तो उरलेलं आयुष्य लिहितो, आणि बँकेला ते कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त हवं असतं. ३५ वर्षांच्या इमारतीवर २० वर्षांचं कर्ज मागितलं तर बहुधा मुदत कापली जाते आणि हप्ता वाढतो, मग उत्पन्नाचं गणित पुन्हा मांडावं लागतं.

उत्पन्नाबद्दल थोडक्यात. हातात येणाऱ्या पगारातून सगळे हप्ते मिळून किती टक्के जाऊ द्यायचे याची प्रत्येक बँकेची पट्टी असते, बहुधा ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान, आणि उत्पन्न जास्त तशी ती सैल. चालू वाहनकर्ज किंवा क्रेडिट कार्डावरचे हप्ते त्यात धरले जातात. क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. अर्जाआधी तो बघा, कारण जुन्या बंद कर्जाची नोंद 'चालू' राहिली असेल तर दुरुस्तीला काही आठवडे जातात.

पैसे सुटताना

मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत. त्याला मुदत असते आणि पानभर अटी असतात. क्रम सहसा असा चालतो: आधी तुमचा हिस्सा बिल्डरला किंवा विक्रेत्याला पोहोचल्याच्या पावत्या (शाखेत याला ओसीआर म्हणतात), मग करारनाम्याची नोंदणी, मग कर्जकरार, मग मूळ कागद जमा, मग कर्जाच्या रकमेचा पहिला भाग बिल्डरच्या मागणीपत्रावर.

पहिल्या रकमेबद्दल एक नियम ठाऊक हवा. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. महाराष्ट्रातल्या नमुना करारात पुढचे टप्पे ठरलेले आहेत: करारनाम्यानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोता पूर्ण झाल्यावर ४५, सगळे स्लॅब पडल्यावर ७०, भिंती-प्लास्टर-फरशीनंतर ७५, मग पुढच्या कामांप्रमाणे ८०, ८५, ९५ आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना उरलेली रक्कम. मागणीपत्र आलं की बँकेचा माणूस साइटवर जाऊन टप्पा खरंच झालाय का ते पाहतो. पाहायला हवं, असं म्हणणं जास्त बरोबर. घाईच्या शाखेत आर्किटेक्टच्या दाखल्यावर भागवलं जातं. तुम्ही स्वतः जाऊन फोटो काढा, आणि टप्पा झाला नसेल तर रक्कम सोडू नये असं बँकेला लेखी कळवा. पैसे बिल्डरच्या खात्यात गेले की व्याज तुमच्यावर सुरू होतं, स्लॅब पडो न पडो.

बांधकामाच्या प्रगतीशी न जोडता सगळी रक्कम आधीच बिल्डरला देण्याच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये आवर घातला. 'ताब्यापर्यंत हप्ता बिल्डर भरेल' अशा योजनांपासून दूर राहायला राष्ट्रीय आवास बँकेने जुलै २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना सांगितलं. कारण साधं आहे. बिल्डर हप्ते भरायचा थांबला की कर्ज तुमच्या नावावर, थकबाकी तुमच्या नावावर, क्रेडिट अहवालही तुमचाच बिघडतो. अशा योजना नव्या नावांनी समोर येतात, तेव्हा कर्जकरारात हप्त्याची जबाबदारी कोणाची लिहिली आहे तेवढं वाचा.

प्रकल्प रखडला तरी बँकेशी केलेला करार चालूच राहतो. बिल्डर, तुम्ही आणि बँक यांचा त्रिपक्षीय करार असेल तर त्यात आरक्षण रद्द झाल्यास परतावा आधी बँकेला देण्याचं कलम असतं. महारेराकडून परताव्याचा आदेश मिळाला तरी त्यातून आधी कर्ज फिटतं, उरलं तर तुमचं.

जुना फ्लॅट विक्रेत्याच्या बँकेत गहाण असेल तर आणखी जपून. विक्रेत्याच्या बँकेकडून कर्जफेडीची अचूक रक्कम, ती कोणत्या तारखेपर्यंत लागू आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी, हे तीनही लेखी घ्या. तुमची बँक तेवढ्या रकमेचा धनादेश विक्रेत्याच्या नावे न काढता त्याच्या बँकेच्या नावे, कर्जखाते क्रमांक लिहून काढते. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची. बँकेने पूर्ण किंमत परस्पर देऊन टाकली तर तो एक टक्का तुम्हाला पदरचा भरावा लागतो, म्हणून रक्कम सुटण्याआधी हे शाखेत सांगा.

व्याज कधीपासून मोजलं जातं तेही बघा. काही संस्था मंजुरीच्या किंवा करार केल्याच्या तारखेपासून, तर काही धनादेशावरच्या तारखेपासून व्याज लावत होत्या, भले धनादेश आठवड्याने हातात पडो. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ही प्रथा चुकीची ठरवून जास्तीचं व्याज परत करायला सांगितलं. खातेउताऱ्यावरची पहिली तारीख आणि रक्कम खरोखर पोहोचल्याची तारीख ताडून पाहा.

गहाणाची कागदोपत्री बाजू

गृहकर्जात बहुधा हक्कलेख जमा करून केलेलं गहाण चालतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८(फ) मध्ये ते आहे. कागद सरकारने अधिसूचित केलेल्या शहरात जमा करावे लागतात. मालमत्ता खेड्यात असली तरी चालते. तालुक्याच्या शाखेतून कर्ज मिळूनही सहीला शहरातल्या शाखेत बोलावतात त्याचं कारण हे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते, आणि कायद्याने ती जबाबदारी कर्जदाराची आहे. बँकेचा एजंट ऑनलाइन करून देतो हे खरं, पण पावती मागून घ्या. याशिवाय बँक केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सरसाईत, आपला बोजा नोंदवते. २४ जानेवारी २०२० पासून ही नोंद नसेल तर तिला सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जाचं तारण कोर्टात दावा न लावता विकू देणारा कायदा) जप्ती-विक्री करता येत नाही, त्यामुळे ती विसरत नाही. सोसायटीलाही बोजा नोंदवण्याचं पत्र जातं.

जमा केलेल्या प्रत्येक मूळ कागदाची यादी, बँकेच्या सही-शिक्क्यासह, त्याच दिवशी घ्या. २० वर्षांत शाखा बदलते, बँका एकमेकींत विलीन होतात, कागद बाहेरच्या गोदामात जातात. तुमच्याकडे यादी नसेल तर काय हरवलं हेही सिद्ध करता येत नाही.

दर बदलला की

बँकांच्या बदलत्या दराच्या नव्या गृहकर्जांना १ ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य निर्देशांकाशी, बहुतेकदा रेपो दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो), जोडणं सक्तीचं आहे आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दर नव्याने ठरतो. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्या स्वतःच ठरवलेल्या प्रधान दरावर चालतात, त्यामुळे रेपो उतरला तरी तिथे घट उशिरा किंवा अर्धीच पोहोचते. दोन प्रस्तावांतला पाव टक्का कमी दर बघताना हा फरक जास्त महत्त्वाचा मानावा.

दर वाढला की हप्ता तोच ठेवून मुदत लांबवण्याकडे बँकेचा कल असतो, कारण ग्राहक ओरडत नाही. ५० लाख, ८.५ टक्के, २४० हप्ते: मासिक हप्ता ४३,३९१ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले ३५,४१७ व्याजाचे आणि जेमतेम ८ हजार मुद्दलाचे. सुरुवातीलाच दर ९.५ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० ऐवजी जवळपास ३०९ हप्ते भरावे लागतात, म्हणजे पावणेसहा वर्षं वाढली. त्याऐवजी हप्ता ४६,६०७ केला तर मुदत तीच राहते. दर १०.५ झाला तर महिन्याचं व्याजच ४३,७५० होतं, जुना हप्ता त्यालाही पुरत नाही आणि मुद्दल फुगायला लागतं. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने हे थांबवलं: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारायचं, आणि हप्ता निदान व्याजाला तरी पुरेल हे बघायचं. बँकेचा संदेश आला आणि तुम्ही उत्तर दिलं नाही तर मुदतच वाढली असेल असं धरा आणि दर तिमाहीच्या विवरणात उरलेले हप्ते मोजा.

बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, पैसे स्वतःचे असोत की दुसऱ्या बँकेचे. उशिरा हप्त्यावर दंड आकारता येतो, पण तो व्याजदरात मिसळून किंवा मुद्दलात घालून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला मुख्य तथ्यांचं विवरणपत्र द्यावं लागतं. त्यात प्रक्रिया शुल्क, वकील, मूल्यांकक, विमा सगळं धरून वार्षिक खर्चाचा एकच दर दिलेला असतो. दोन बँकांची तुलना जाहिरातीतल्या दरावर न करता या दरावर करा.

विम्याबद्दल शाखा ठामपणे 'लागतोच' म्हणते. घराच्या इमारतीचा विमा ही कर्जकरारातली रास्त अट असते. कर्जदाराच्या आयुष्याचा विमा घेणं शहाणपणाचं आहे, पण अमुकच कंपनीचा घ्या अशी सक्ती करता येत नाही. विम्याचा एकरकमी हप्ता कर्जात मिसळणं महाग पडतं: दीड लाखाचा हप्ता ८.५ टक्क्यांनी २० वर्षं फेडला तर तीन लाख बारा हजारांच्या आसपास जातात. तेवढ्याच संरक्षणाचा साधा मुदत विमा बाहेर किती पडतो, ते आधी विचारा.

हप्ते थकले तर

हप्ता चुकल्यापासून ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवस असे खात्यावर टप्प्याटप्प्याने शेरे पडतात. ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादक (एनपीए), आणि मग एक-दोन हप्ते भरून ते पुन्हा नियमित होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. म्हणून ६० ते ९० च्या मधले दिवस खरे मोलाचे. नोकरी गेली, आजारपण आलं तर त्या काळात लेखी अर्ज देऊन पुनर्रचना मागा. तेव्हा बँकेलाही खातं बिघडू द्यायचं नसतं. वसुली एजंटाला सकाळी ८ आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही.

पुढची पायरी सरफेसी कायदा, २००२. कलम १३(२) ची नोटीस येते, ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरा म्हणून. या मुदतीत लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं, आणि बहुतेक लोक नेमकी हीच संधी सोडतात. मग दारावर नोटीस लावून सांकेतिक (फक्त कागदोपत्री) ताबा, दोन वर्तमानपत्रांत (त्यातलं एक मराठी) जाहिरात, आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हादंडाधिकारी किंवा मुंबईत मुख्य न्यायदंडाधिकारी. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. आपल्याकडे ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. संपूर्ण थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. बोली लागेपर्यंत वेळ आहे ही समजूत जुन्या कायद्यातली आहे, तिच्या भरवशावर राहू नका.

लिलावात बाकीपेक्षा जास्त आलं तर उरलेलं तुमचं. कमी आलं तर फरक तुमच्याकडून वसूल होतो. येणं मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी राहिलं असेल तर हा कायदा लावता येत नाही. शेतजमिनीलाही नाही. सहकारी बँकांना तो लागू नाही, असा युक्तिवाद कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ५ मे २०२० रोजी घटनापीठाने तो फेटाळला. तेव्हा गावातली सहकारी बँक ओळखीची आहे, ती कुठे जप्ती आणणार, हा भरवसाही धरू नये.

कर्ज फिटल्यावर

१ डिसेंबर २०२३ पासून नियम असा: शेवटची रक्कम भरल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत आणि नोंदवलेले बोजे उठवणं, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर नक्कल मिळवून देण्याचा खर्च बँकेचा, त्यासाठी आणखी ३० दिवस. ३० दिवस मोजायला तारीख लागते, म्हणून शेवटची रक्कम भरताना पोचपावती घ्या. कागद परत घेताना जुनी यादी हातात ठेवून पानं मोजा. नोंदणी पावती आणि शेअर सर्टिफिकेट हे दोन तुकडे सगळ्यात जास्त गळतात.

बेबाकी पत्र (काही देणं बाकी नाही असं बँकेचं पत्र) मिळालं की काम अर्धं झालं. सोसायटीला पत्र देऊन तिच्या वहीतला बोजा काढायचा. स्वतंत्र बंगला किंवा प्लॉट असेल आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात बँकेचं नाव चढलं असेल, तर ई-हक्क प्रणालीवर बोजा कमी करण्याचा अर्ज करायचा किंवा बँकेचं पत्र घेऊन तलाठी कार्यालयात जायचं. गहाणखत नोंदणीकृत असेल तर गहाणमुक्तीचा लेखही नोंदवून घ्यायचा. आणि सरसाईच्या संकेतस्थळावर दहा रुपये व कर भरून शोध घ्यायचा. तिथे बोजा अजून चालू दिसत असेल तर त्याच पानाची छापील प्रत जोडून शाखेला लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.